पुस्तक चालेल, फ्लॉपी चालणार नाही!

महाडच्या किंवा पोलादपूरच्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीत जरा कान देऊन उभे राहा. दोन मैत्रिणी काहीतरी अगम्य बोलत असतात, "चलच चरीघ चऊजा!" तिसरी बिचारी रडकुंडीला येते. आपण शिक्षक मात्र गालातल्या गालात हसतो, कारण ही 'च'ची भाषा आपणही लहानपणी बोललो आहोत. शब्दातले पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला 'च' लावायचा. 'शाळा' झाली 'चळाशा', 'गुरुजी' झाले 'चरुजीगु', आणि 'महाड' झाले 'चहाडम'.

गुप्तपणे बोलण्याची हौस आणि गरज फार जुनी आहे. नेत्रपल्लवी आणि करपल्लवी हे शब्द तर आपण अजून वापरतो. डोळ्यांच्या किंवा हातांच्या खुणांनी अक्षरे दाखवायची आणि दूरच्या माणसाला निरोप पोचवायचा, अशी ती विद्या. अशा विद्येची एक गंमत आहे. ती एका माणसाने दुसऱ्याला सांगितली की दोघांकडेही राहते. म्हणून तिला नाक्यावर अडवायचे कसे, हा प्रश्न मोठा अवघड होतो.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. पूर्वी बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने छोटी गलबते आणि मचवे वर महाडपर्यंत येत. तिथून बैलांच्या पाठीवर माल पारघाटाने किंवा वरंध घाटाने देशावर जाई. घाटाच्या तोंडाशी चौकीदार बसवला तर त्याला मिठाची पोती मोजता येतील आणि नको असलेला माल परत पाठवता येईल. पण त्याच तांड्यातल्या एखाद्या माणसाला उत्तम बंदूक ओतण्याची कृती तोंडपाठ असेल तर? ती त्याने कागदावर लिहून कमरेला खोचली असेल तर? चौकीदाराने काय मोजायचे?

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेसारख्या बलाढ्य देशापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. माल होता संगणकाच्या आज्ञावल्यांचा, संदेश गुप्त करणाऱ्या आज्ञावल्यांचा. त्याची हकिगत गणिताच्या, विज्ञानाच्या आणि नागरिकशास्त्राच्याही शिक्षकांना उपयोगी पडेल अशी आहे.

पद्धत उघड, किल्ली गुप्त

'च'च्या भाषेत एक मोठा दोष आहे. तिची सगळी गुप्तता पद्धतीत आहे. पद्धत एकदा फुटली की सगळेच फुटले. आता दुसरी पद्धत पाहू. आपल्या वर्णमालेत 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजने आहेत ('क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे म्हणून सोडून देऊ). प्रत्येक व्यंजनाच्या जागी त्याच्या पुढचे तिसरे व्यंजन लिहायचे, काना-मात्रा तशाच ठेवायच्या, आणि 'ळ' संपला की पुन्हा 'क'पासून मोजायचे. मग 'पोलादपूर' हा शब्द 'भोषापभूश' असा होतो!

येथे पद्धत एक आहे आणि तिच्यात बदलता येईल असा एक आकडा आहे. आपण ३ घेतला. कोणी १९ घेईल, कोणी २८. हा आकडा म्हणजे किल्ली. पद्धत साऱ्या गावाला ठाऊक असली तरी किल्ली ठाऊक असल्याशिवाय संदेश उलगडत नाही. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी सैन्याच्या गुप्तलेखनाविषयी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की, पद्धत शत्रूच्या हाती पडेलच असे धरून चालावे आणि गुप्तता फक्त किल्लीत ठेवावी. आज जगभर कूटलेखनाचा पाया म्हणून हेच तत्त्व मानले जाते.

कुलपाचे उदाहरण घेतले तर हे सहज पटते. कुलूप कसे चालते हे कुलूप बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही आपण रात्री निर्धास्त झोपतो, कारण आपल्या कुलपाची किल्ली आपल्या खिशात असते. उलट, ज्या कुलपाची रचना अनेक जाणत्यांनी उघडून तपासली आहे, त्यावर आपला विश्वास अधिक बसतो.

किल्ली किती मोठी?

आता वर्गात एक प्रयोग करा. वरच्या पद्धतीने फळ्यावर एक कूटसंदेश लिहा आणि किल्ली सांगू नका. किल्ल्या शक्य आहेत फक्त ३३. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक किल्ली वाटून द्या. पाच मिनिटांत कोणीतरी ओरडेल, "सर, सापडले!" म्हणजे, पद्धत कितीही चांगली असली तरी किल्ल्या मोजक्याच असतील तर सगळ्या लावून पाहता येतात.

संगणकात किल्ली ० आणि १ या अंकांची माळ असते. त्यातल्या एका अंकाला 'बिट' म्हणतात. एका बिटच्या किल्ल्या दोन, दोन बिटच्या चार, तीन बिटच्या आठ. एकेक बिट वाढला की किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. ४० बिटच्या किल्ल्या किती? १०,९९,५१,१६,२७,७७६, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. ही संख्या प्रचंड वाटते, पण संगणकापुढे ती फारशी नाही. दर सेकंदाला १०० कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र हे काम १८ ते १९ मिनिटांत संपवील. तेच यंत्र ५६ बिटच्या साऱ्या किल्ल्या लावून पाहायला सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ घेईल. आणि १२८ बिटच्या? एकावर २२ शून्ये इतकी वर्षे! विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, म्हणजे १४ वर नऊ शून्येसुद्धा पुरती भरत नाहीत. दुपटीच्या श्रेढीचा परिणाम मुलांना समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हे आकडे लक्षात ठेवा. पुढे ४० हा आकडा पुन्हा येणार आहे.

आज्ञावली म्हणजे कृती

संगणकाला काम सांगायचे तर आज्ञा क्रमाने लिहून द्याव्या लागतात. माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी ही मूळ आज्ञावली. संगणकवाले तिलाच 'सोर्स कोड' म्हणतात. मग तिचे यंत्राला समजेल अशा ०-१ च्या भाषेत रूपांतर होते. हा फरक आंबोळी आणि आंबोळीची कृती यांच्यातल्या फरकासारखा आहे. डब्यातल्या आंबोळीत काय काय घातले आहे ते खाऊन पुरते कळत नाही. कृती हातात असेल तर काय घातले ते कळते, चूक असेल तर सुधारता येते आणि आपल्या घरी पुन्हा करता येते. म्हणूनच कूटलेखनाच्या बाबतीत मूळ आज्ञावलीला महत्त्व आहे. मागच्या बाजूला कोणी चोरखिडकी ठेवली आहे की काय, हे तीच वाचून तपासता येते.

ही कृती किती साधी असू शकते हे पाहण्यासाठी पुढचे गणित नववी-दहावीच्या वर्गात करून पाहा. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली शोधलेली ही पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून 'आरएसए' म्हणून ओळखली जाते.

दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. आता प्रत्येकीतून १ वजा करून गुणा : २ × १० = २०. मग अशा दोन संख्या शोधा की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३ × ७ = २१. आता '३३ आणि ३' ही जोडी फळ्यावर लिहून टाका, ती उघड किल्ली. ७ हा आकडा मात्र चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, ती गुप्त किल्ली.

एखाद्या मुलीला तुम्हाला ५ हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. ती ५ चा घन करील, १२५. त्याला ३३ ने भागून बाकी काढील, २६. ती सगळ्या वर्गासमोर मोठ्याने "२६" म्हणेल. तुम्ही २६ चा सातवा घात घ्यायचा आणि ३३ ने भागून बाकी काढायची. सगळा घात एकदम करायची गरज नाही, टप्प्याटप्प्याने बाकी घेत चला. २६ चा वर्ग ६७६, बाकी १६. चौथा घात म्हणजे १६ चा वर्ग २५६, बाकी २५. सहावा घात म्हणजे २५ × १६ = ४००, बाकी ४. सातवा घात म्हणजे ४ × २६ = १०४, बाकी ५. आला की नाही ५!

३३ चे अवयव कोणीही पाडील आणि ७ शोधून काढील. पण मूळ संख्या शेकडो अंकी घेतल्या तर गुणाकारावरून त्या पुन्हा शोधणे अतिशय कठीण जाते. १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात या पद्धतीची ओळख करून देताना वाचकांना १२९ अंकी संख्येचे आव्हान दिले होते. तिचे अवयव सापडायला १९९४ साल उजाडले, आणि त्यासाठी जगभरातल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक महिनोन्‌महिने राबवले.

वरचे गणित म्हणजे बेरीज, गुणाकार आणि बाकी. मोठ्या संख्यांसाठी हेच गणित संगणकाच्या भाषेत लिहायचे तर फारशा ओळी लागत नाहीत. पण अशा थोड्या ओळी फ्लॉपीवर घालून देशाबाहेर पाठवणे हा अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा ठरू शकत होता.

रणगाड्यांच्या यादीत

अमेरिकेत शस्त्रास्त्रांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी एक यादी आहे. रणगाडे, तोफा, क्षेपणास्त्रे यांच्याबरोबर त्या यादीत संदेश गुप्त करणारी यंत्रे आणि आज्ञावल्याही होत्या. यामागे कारण नव्हते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे कूटसंदेश उलगडल्यामुळे दोस्त राष्ट्रांना मोठा फायदा झाला होता. भक्कम कुलपे जगभर गेली तर उद्या शत्रूचे, गुन्हेगारांचे, दहशतवाद्यांचे संदेश वाचता येणार नाहीत, अशी सरकारला भीती होती. परदेशी विकायच्या आज्ञावल्यांना म्हणून साधारणपणे ४० बिटचीच मुभा मिळे. देशात भक्कम कुलूप आणि बाहेरच्यांना दुबळे, असा हा प्रकार होता. १९९५ साली फ्रान्समधल्या दामियाँ दोलिगे या संशोधकाने शंभरावर संगणक मोकळ्या वेळात कामाला लावून ४० बिटचे असे एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवले.

१९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'पीजीपी' नावाची आज्ञावली लिहून लोकांना फुकट दिली. सामान्य माणसालाही आपली टपाल पाकिटात बंद करता यावी, उघड्या पोस्टकार्डावर लिहावी लागू नये, असा त्याचा हेतू होता. कोणीतरी ती इंटरनेटवर ठेवली आणि ती जगभर पसरली. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने १९९३ साली झिमरमन यांची चौकशी सुरू केली. ती जवळजवळ तीन वर्षे चालली आणि १९९६ च्या जानेवारीत कोणताही आरोप न ठेवता बंद झाली.

याच काळात आणखी एक प्रकरण घडले. ब्रूस श्नायर यांनी कूटलेखनावर एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि शेवटी काही पद्धतींच्या मूळ आज्ञावल्या छापल्या. फिल कार्न नावाच्या अभियंत्याने सरकारला विचारले, हे पुस्तक परदेशी पाठवता येईल का? १९९४ साली उत्तर आले, खुशाल पाठवा. मग त्याने विचारले, पुस्तकात छापलेल्या याच आज्ञावल्या फ्लॉपीवर घालून पाठवू का? उत्तर आले, नाही, ती युद्धसामग्री आहे! अक्षरे तीच, क्रम तोच. कागदावर ते ज्ञान होते आणि फ्लॉपीवर ते शस्त्र होते.

अधिकाऱ्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. छापील पुस्तकावर बंदी घालणे म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर आणि मुद्रणस्वातंत्र्यावर घाला घालणे. फ्लॉपी मात्र लगेच यंत्रात घालता येते, म्हणून ती त्यांना यंत्राचाच भाग वाटली. नाका बसवायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. त्यांनी ती कागद आणि फ्लॉपी यांच्यामध्ये ओढली.

मग लोकांनी कागदाचाच रस्ता धरला. १९९५ साली मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रकाशनाने पीजीपीची संपूर्ण मूळ आज्ञावली पुस्तकरूपाने छापली. १९९७ साली पीजीपीच्या नव्या आवृत्तीची मूळ आज्ञावली अनेक खंडांत, सहा हजारांहून अधिक पानांवर छापून रीतसर युरोपात गेली. तिथे नॉर्वेच्या स्टोले शूमाखर यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी ही पाने यंत्राने टिपून पुन्हा संगणकात उतरवली. आज्ञावलीत एका स्वल्पविरामाची चूकही चालत नाही. म्हणून प्रत्येक ओळीबरोबर तपासणीसाठी काही अक्षरे छापलेली होती. ओळ टिपताना चूक झाली तर ती अक्षरे जुळत नसत. आपल्या आधार क्रमांकातला शेवटचा, बारावा अंक याच कामासाठी असतो. आधीच्या अकरा अंकांत कोठे चूक झाली तर तो जुळत नाही.

इतका खटाटोप करायचीही सर्वांना गरज पडली नाही. पद्धती प्रसिद्ध झालेल्याच होत्या. त्या वाचून ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी नव्याने आज्ञावली लिहिली. पुढे तिच्यातूनच 'ओपनएसएसएल' ही जगभर वापरली जाणारी आज्ञावली तयार झाली. जर्मनीत वेर्नर कोख यांनी पीजीपीसारखेच काम करणारी 'जीएनयूपीजी' लिहिली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ साली आली. निर्यातबंदीमुळे विद्या अमेरिकेतच राहिली नाही. तिचे कारागीर बाहेर तयार झाले.

वर्गातला परदेशी विद्यार्थी

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असे दोन खटले आहेत. डॅनियल बर्नस्टाइन हा कॅलिफोर्नियात बर्कली येथे गणिताचा विद्यार्थी होता. त्याने कूटलेखनाची एक पद्धत शोधली आणि तिची आज्ञावली व लेख प्रसिद्ध करायचे ठरवले. त्यासाठी शस्त्र विकणाऱ्याचा परवाना घ्यावा लागेल असे त्याला सांगण्यात आले. १९९५ साली तो न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी निर्णय दिला की, आज्ञावली हीसुद्धा एक भाषा आहे आणि तिच्यात लिहिलेल्या मजकुराला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. १९९९ साली वरच्या न्यायालयाच्या खंडपीठानेही बर्नस्टाइनच्या बाजूने कौल दिला.

दुसरे पीटर जंगर, क्लीव्हलंडच्या विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. संगणक आणि कायदा हा विषय शिकवताना ते कूटलेखनाची एक छोटी आज्ञावली उदाहरण म्हणून वापरत. पण नियमांचा अर्थ असा होत होता की, अशी आज्ञावली परदेशी नागरिकाच्या हाती देणे म्हणजे ती निर्यात करणेच, मग तो माणूस आपल्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसलेला का असेना. म्हणजे देशाची सीमा दोन बाकांच्या मधून जायची! जंगर यांनी १९९६ साली दावा लावला आणि २००० च्या एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने मूळ आज्ञावलीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे मान्य केले.

तोवर नियमही सैल होऊ लागले होते. १९९६ च्या अखेरीस बहुतेक कूटलेखन युद्धसामग्रीच्या यादीतून काढून व्यापार खात्याकडे दिले गेले. २००० च्या जानेवारीत सर्वांना खुल्या असलेल्या मूळ आज्ञावल्या, सरकारला केवळ कळवून, इंटरनेटवर ठेवण्याची मुभा मिळाली. काही निर्बंध आजही आहेत, पण पुस्तके छापून समुद्रापार नेण्याची गरज उरली नाही.

कुंपणाच्या अलीकडून

या गोष्टीत आपण कुठे होतो? कुंपणाच्या बाहेर. निर्यातबंदीचा अनुभव महाराष्ट्राला आधीच आला होता. १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला 'क्रे' महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक तयार झाला. महासंगणक ही अवजड वस्तू आहे. ती बंदरात अडवता येते, आणि अडवली तर स्वतः बनवायला वर्षे लागतात. आज्ञावलीचे तसे नाही, हे आपण वर पाहिलेच.

पण नाका बसवण्याचा मोह परक्यांनाच होतो असे नाही. १९९८ साली आपल्याकडे खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा पुरवण्याची वाट मोकळी झाली. त्यांच्या परवान्यांत अट होती की, ग्राहकांना ४० बिटपर्यंतच्या किल्लीचे कूटलेखन विनापरवानगी वापरता येईल. त्यापुढे जायचे तर सरकारची लेखी परवानगी हवी आणि उलगडण्याची किल्ली दोन भागांत सरकारजमा करायला हवी. पुन्हा तोच ४० हा आकडा! इकडे मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने २००१ च्या जूनमध्ये इंटरनेटवरून व्यवहार करणाऱ्या बँकांना सांगितले की, निदान १२८ बिटचे कूटलेखन हवे. एका कार्यालयाच्या कागदात ४० हून अधिक नको आणि दुसऱ्याच्या कागदात १२८ हून कमी नको, असा हा पेच होता. दोघांचीही काळजी खरी होती. एकाला गुन्हेगाराचा संदेश वाचता यायला हवा होता, दुसऱ्याला ठेवीदाराचे पैसे सुरक्षित हवे होते. पण गुन्हेगारासाठी दुबळे आणि ठेवीदारासाठी भक्कम असे एकच कुलूप कसे बनवणार?

हा प्रश्न नंतरही सुटला नाही. २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. नागरिकांनी आपल्या गुप्त संदेशांची उघड प्रत ९० दिवस सांभाळून ठेवावी, असे त्यात होते. मोठा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. २०१७ च्या डिसेंबरात भारत वासेनार करारात सामील झाला. शस्त्रे आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तू यांच्या निर्यातीवर एकत्र नजर ठेवणाऱ्या देशांचा हा गट आहे, आणि त्याच्या यादीत कूटलेखनही आहे. सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञावल्यांना त्यात सर्वसाधारणपणे सूट आहे. पूर्वी कुंपणाबाहेर असलेला आपला देश आता कुंपण राखणाऱ्यांत आहे. म्हणून ही चर्चा आपल्या वर्गातही व्हायला हवी.

दुबळे कुलूप कोणाच्या दाराला?

शेवटी दोन घटना सांगतो. अमेरिकेने १९९७ साली आपल्या सरकारी कामासाठी नवी कूटलेखन पद्धत निवडायला जगभरातून प्रस्ताव मागवले. सगळे प्रस्ताव उघड ठेवले आणि कोणीही यावे व मोडून दाखवावे असे आव्हान दिले. २००१ साली जी पद्धत अधिकृत झाली ती डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची होती. 'एईएस' या नावाने ती सर्वत्र वापरली जाते. ज्या देशाने आपली कुलपे बाहेर जाऊ दिली नव्हती, त्याने आपल्या तिजोरीला बाहेरचे कुलूप लावले, कारण ते उघडपणे तपासलेले होते.

दुसरी घटना मार्च २०१५ ची. निर्यातीसाठी मुद्दाम दुबळी केलेली कुलपे १५ वर्षांपूर्वीच निरुपयोगी झाली होती. पण जगातल्या फार मोठ्या संख्येच्या संकेतस्थळांवर ती जुन्या आज्ञावलीच्या अडगळीत तशीच पडून होती. मधल्या वाटेवर बसलेल्या चोराला दोन संगणकांना फसवून ते जुने दुबळे कुलूप लावायला भाग पाडता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. यात अमेरिकेतली संकेतस्थळेही होती. परक्यांसाठी बनवलेले दुबळे कुलूप अखेर स्वतःच्याही दाराला लागले.

आज पोलादपूरच्या नाक्यावर चहावाल्याला मोबाइलवरून दहा रुपये देताना आपल्यामागे हेच गणित काम करत असते : मूळ संख्या, घात आणि बाकी. हे गणित दडवून ठेवलेले नाही, कोणीही वाचावे असे उघड आहे. पैसे सुरक्षित राहतात ते किल्लीमुळे.

वर्गात हा विषय घेतलात तर मुलांचे दोन गट करा. एक गट पोलिसांची बाजू मांडील, दुसरा बँकेच्या ठेवीदाराची. निर्णय मुलांवर सोडा. मात्र चर्चेआधी ३३ आणि ३ चे ते गणित प्रत्येकाला वहीत करायला लावा. कशावर बंदी घालावी की न घालावी यावर आपण वाद घालतो आहोत, ते आधी त्यांनी स्वतः करून पाहिलेले असावे.